लॉकडाऊनमध्ये नागपूर खरंच थंड झालं होतं का?

फुटाळाकाठ (धागाकर्ती):

मंडळी, एप्रिल तापायला लागला की ते दोन नकाशे दरवर्षी फिरायला लागतात. डावीकडे एप्रिल २०१९ चं नागपूर, लालभडक. उजवीकडे एप्रिल २०२०, पिवळं-हिरवं. खाली ओळ: ‘गाड्या थांबल्या, कारखाने थांबले आणि शहर थंड झालं.’ काल सोसायटीच्या ग्रुपवर आले, आज ऑफिसच्या. उपग्रहाचे नकाशे वाचणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे गप्प बसवत नाही. नकाशे खोटे नाहीत. पण खालची ओळ त्या नकाशांतून निघत नाही. ती खरी मानून ‘उष्णता म्हणजे गाड्यांचा प्रश्न’ असं आपण ठरवून टाकलं, तर झाडं, छपरं, तळी हे सगळं बाजूला पडेल. मला भीती त्याची वाटते.

आधी नकाशा कशाचा आहे ते पाहू. हे बहुतेक लँडसॅट-८ चे असतात. तो उपग्रह पृष्ठभागाचं तापमान मोजतो. डांबर, स्लॅब, पत्रा, वावरातली माती, झाडांचे शेंडे, जे वरून दिसेल त्याचं. सोनेगावच्या वेधशाळेत मोजतात ती सावलीच्या पेटीतली, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवरची हवा. मे महिन्याच्या दुपारी उघडी कोरडी जमीन त्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज जास्त तापलेली असते. त्यामुळे पेपरातला पारा आणि नकाशातला आकडा शेजारी शेजारी ठेवून वाचता येत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. हा उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, तोही १६ दिवसांतून एकदा. अख्ख्या एप्रिलमध्ये दोन-तीन चित्रं मिळाली तर मिळाली, त्यातही ढग आले की तेवढीही नाहीत. म्हणजे ‘एप्रिल २०२०’ असं लिहिलेला नकाशा प्रत्यक्षात एकाच सकाळचा असू शकतो. ज्या रात्री आपल्याला झोप लागत नाही, त्या रात्रीबद्दल तो काहीच सांगत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. २०१९ चा उन्हाळा आठवा. शहराला पाणी पुरवणाऱ्या तोतलाडोह धरणाने तळ गाठला होता, आणि जुलैत शहराला एक दिवसाआड पाणी द्यायची वेळ आली. जमीन आधीच वाळून गेलेली होती. त्यानंतरचा पावसाळा देशभर सरासरीपेक्षा जास्त झाला, आणि २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्या भागात अवकाळीही येत राहिला. ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. कोरड्या जमिनीवर तोच वाटा माती तापवतो. लॉकडाऊन लागला नसता तरी २०२० चा नकाशा २०१९ पेक्षा थंडच दिसला असता, असं माझं ठाम मत आहे. तुलना करायचीच तर किमान पाच वर्षांच्या सरासरीशी करा, आणि पावसाचे आकडे शेजारी ठेवा.

लॉकडाऊनने काहीच फरक पडला नाही असं मी म्हणत नाही. किती पडला, कुठे पडला, दिवसा की रात्री, यावर बोलू या. अनुभवही लिहा.

बर्डीकर:

ताई, तुमचं उपग्रहाचं गणित मी मानतो. पण आम्ही जे अंगावर घेतलं ते कुठं टाकू? माझं दुकान बर्डीच्या मेन रोडवर आहे. उन्हाळ्यात दुपारी शटरबाहेर उभं राहिलं की भपकारा येते. बस, ऑटो, आणि वरच्या मजल्यांवरचे एसीचे डबे गरम हवा खाली फेकून राहिलेले असतात. २०२० मध्ये दुकानातला माल बघायला परवानगी काढून गेलो होतो, तेव्हा ऊन तेच होतं पण तो भपकारा नव्हता. रस्ता इतका मोकळा की व्हरायटी चौकाकडून वारा सरळ येत होता. हा फरक खरा होता, मी त हे कोणापुढंही सांगीन.

फुटाळाकाठ:

बर्डीकर भाऊ, फरक खराच होता. गाडीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली बहुतेक ऊर्जा शेवटी उष्णताच होऊन बाहेर पडते, आणि ती नेमकी माणसाच्या उंचीवर. एसी खोलीतली उष्णता उचलून रस्त्यावर टाकतो, वर स्वतःच्या मोटरची भर घालतो. दोन्ही बाजूंनी उंच इमारती असलेल्या मेन रोडसारख्या रस्त्यात ती कोंडून राहते. ती थांबली की तिथे उभ्या माणसाला जाणवणारच.

पण लँडसॅटच्या उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका मुळात १०० मीटर बाय १०० मीटरचा असतो. त्यात तुमचा रस्ता, दोन्हीकडच्या गच्च्या, मागची गल्ली, सगळं एकत्र. त्यातलं निम्म्याहून जास्त क्षेत्र छपरांचं, आणि छपरावर गाड्या चालत नाहीत. तुमचा अनुभव रस्त्यातल्या हवेचा आहे, नकाशा छपरांचा आहे.

सेमिनरीहिल:

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं आकड्यांत बोलतो. एप्रिलच्या स्वच्छ दुपारी नागपुरात प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची सुमारे ९०० ते १००० वॅट ऊर्जा पडते. भारतीय शहरांत माणसाच्या उद्योगातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे गाड्या, यंत्रं, स्वयंपाक, एसी मिळून, शहरभर सरासरी काढली तर चौरस मीटरमागे काही वॅटपासून काही दहा वॅटपर्यंत भरते. गर्दीच्या चौकात ती खूप जास्त असते हे मान्य. पण सगळ्या शहराची सरासरी पाहिली तर दुपारी सूर्यापुढे तिचा वाटा लहान आहे. रात्री, विशेषतः हिवाळ्यातल्या रात्री, ती महत्त्वाची होते, कारण तेव्हा समोर सूर्य नसतो.

लॉकडाऊनचा दुसरा परिणाम उलट दिशेचा होता, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. हवेतली धूळ आणि धुराचे कण सूर्याचा थोडा प्रकाश परत फेकतात किंवा वरच शोषून घेतात. कण कमी झाले की जमिनीवर ऊन जास्त पोचतं. एप्रिल २०२० मध्ये उत्तर भारतावरचे हवेतले कण वीस वर्षांतल्या नीचांकावर गेल्याचं नासाने उपग्रहाच्या नोंदींवरून सांगितलं होतं. जालंधरहून धौलाधारची बर्फाची रांग दिसल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. म्हणजे लॉकडाऊनने एका हाताने उष्णता काढली आणि दुसऱ्या हाताने ऊन वाढवलं. या विषयावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, काहींत पृष्ठभाग थंड झालेला दिसतो, काहींत गरम, त्यामागे हे एक कारण आहे.

विदर्भात मात्र उत्तरेसारखं चित्र धरू नका. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये जंगलात मोहफुलं वेचायला खालचा पाला जाळतात, वणवे लागतात, शेतकरी धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवतात. त्यातलं बरंच काही लॉकडाऊनमध्येही चालू होतं.

मुळामुठा:

पुण्याहून लिहितोय, पण माहेरघर म्हणावं इतकं नागपूरला येणं-जाणं आहे. एक शंका. उष्णतेचं बेट म्हणजे शहर आणि भोवतालचं गाव यांच्या तापमानातला फरक ना? मग वर्षावर्षाची तुलना सोडून द्या. २०२० मध्ये शहर वजा गाव काढा, आधीच्या वर्षांतही तेच काढा. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला असणार, म्हणजे त्याचा परिणाम आपोआप वजा होईल. एवढं सोपं असताना वाद कशाला?

फुटाळाकाठ:

मुळामुठा, पद्धत बरोबर आहे आणि अभ्यासक तीच वापरतात. पण ती नागपूरला लावली की एक अनपेक्षित गोष्ट समोर येते. एप्रिल-मेच्या दिवसा, उपग्रहाच्या नजरेतून, नागपूर हे बेट गरम नसतंच. भोवतालची शेतं शहरापेक्षा जास्त तापलेली दिसतात. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, अंबाझरी, फुटाळा हे भाग तर आजूबाजूच्या वावरांपुढे गार ठिपके वाटतात.

हे फक्त आपलं वैशिष्ट्य नाही. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१७ मध्ये देशभरातल्या शहरांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. उन्हाळ्यात दिवसा बहुतेक शहरांचा पृष्ठभाग भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा थंड, आणि रात्री मात्र शहर गरम, असं त्यात दिसलं. कारण त्या दिवसांत गावात पीक नसतं. शहरात निदान झाडं तरी असतात.

काळीमाती:

ताईंनी लिहिलं ते माझ्या वावरात येऊन बघा. काटोलकडं शेती आहे, काही संत्रा, बाकी कापूस-तूर आणि रब्बीत गहू-हरभरा. गहू निघाला की जमीन उघडी पडते. काळी माती, त्यात वखरून ठेवलेली. एप्रिलच्या अखेरीस हातभर भेगा पडतात. दुपारी त्या मातीवर अनवाणी पाय टेकवत नाही. आणि त्याच धुऱ्याला लागून संत्र्याचा बगीचा आहे, त्यात गेलं की जीव थाऱ्यावर येतो. तुमच्या नकाशात बगीचा निळा आणि वखरलेलं रान लाल दिसत असणार.

पण रात्री गोष्ट फिरते. वावरात खाटेवर झोपलं तर पहाटे पांघरूण लागते, ऐन मेमध्ये सुद्धा. नागपुरात पोराकडं आलो की रात्री कूलरसमोरून हलता येत नाही, भिंतीला हात लावला तर भिंत गरम. शहराची खरी गर्मी रात्रीची आहे.

२०२० चं म्हणाल तर मार्चमध्ये अवकाळीनं आम्हाला झोडपलं होतं. गव्हाचं नुकसान झालं, आंबिया बहाराची फळं गळाली. जमिनीत ओल मात्र राहिली. दरवर्षी एप्रिलमध्ये धुऱ्यावरचं गवत करपलेलं असते, त्या वर्षी हिरवं होतं.

फुटाळाकाठ:

काळीमाती दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच मुळामुठांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाऊस शहरावर आणि गावावर सारखा पडला तरी त्याचा परिणाम सारखा होत नाही. सिमेंटवर पडलेलं पाणी नालीतून नाग नदीला जातं. काळ्या मातीत पडलेलं पाणी आठवडेच्या आठवडे टिकतं. म्हणजे ओल्या वर्षी गाव जास्त थंड होतं आणि शहर थोडंच. अशा वर्षी शहर वजा गाव हा आकडा बदलतो तो गावामुळे, शहरात काहीही न बदलता. मग २०२० मध्ये तो आकडा हलला, तर लॉकडाऊनने किती आणि अवकाळीने किती, हे वेगळं कसं काढणार?

त्यामुळे रात्रीच्या नोंदी हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरचं मोडिस यंत्र त्या वर्षी रात्री साडेदहा आणि दीडच्या सुमारास आपल्यावरून जात होतं. पण त्याचा ठिपका एक किलोमीटरचा. महापालिकेची हद्द सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अख्खं नागपूर सव्वादोनशे ठिपक्यांत. इतवारी आणि महालातल्या गल्ल्या त्यात कुठे शोधणार? भारताचा इन्सॅट-३डी तेव्हा दर अर्ध्या तासाला बघत होता, पण त्याचा ठिपका त्याहून मोठा. प्रत्येक यंत्राची ताकद एका बाजूला आहे, सगळं एकात मिळत नाही.

मुळामुठा:

पटलं. अजून एक. २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी आली होती, ती पण पृष्ठभागाचीच होती का?

फुटाळाकाठ:

नाही. मे २०२४ च्या अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं. ती हवेचीच नोंद होती, पण सेन्सर बिघडलेला होता आणि हवामान खात्याने तसं स्पष्ट केलं. त्या दिवशी सोनेगावचा पारा नेहमीच्या उन्हाळी मर्यादेतच होता.

वस्तीतली_आशा:

मी धागा वाचत होते, लिहू की नको असं वाटत होतं. मी आशा म्हणून काम करते, वस्ती उत्तर नागपुरात आहे. लॉकडाऊनमध्ये आम्ही घरोघरी सर्वे करत होतो, ताप बघत होतो, यादी भरत होतो. त्या एप्रिल-मेत मी जितकी पत्र्याची घरं आतून पाहिली, तितकी एरवी पाहत नाही, कारण एरवी दुपारी त्या घरात कोणी नसतंच. माणूस ठेल्यावर, बाई कामावर, म्हातारी माणसं लिंबाखाली नाहीतर बुद्धविहाराच्या ओसरीत, लेकरं कुठंतरी सावलीला. दुपारभर घर रिकामं ठेवणं, हीच त्या घरात राहायची रीत आहे.

त्या वर्षी सगळे आत. आमचा भाग प्रतिबंधित झाला तेव्हा गल्लीच्या तोंडाला बांबू लागले. एका खोलीत सहा-सात माणसं, वर पत्रा, खिडकी नाही, चूलही तिथंच. बागा बंद, देवळं-विहारं बंद, रस्त्यावरच्या पाणपोया त्या वर्षी लागल्याच नाहीत. कपाळावर धरायची ती तापाची बंदूक दुपारी कोणाचाही ताप जास्तच दाखवायची, मग आम्ही त्यांना दाराबाहेर सावलीत बसवून थोड्या वेळानं पुन्हा बघायचो.

शहर थंड झालं असं कोणी म्हटलं की मला ती खोली आठवते. तुमच्या नकाशात ती वस्ती कशी दिसते, ताई? लाल की निळी?

फुटाळाकाठ:

आशाताई, बरं झालं लिहिलंत. या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण नकाशाची सगळ्यात मोठी उणीव तिथेच आहे.

उपग्रह तापमान थेट मोजत नाही. वस्तूतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. माती, झाडं, सिमेंट, डांबर या वस्तू जेवढ्या तापतात त्या मानाने भरपूर किरणं सोडतात, त्यामुळे त्यांचा हिशोब जुळतो. चकचकीत पत्रा तसा नाही. तो तापतो, पण किरणं फार कमी सोडतो आणि उरलेल्या जागी वरच्या आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. वरचं आकाश उष्णतेच्या नजरेतून थंड असतं. त्यामुळे नवा पत्रा भाजत असला तरी वरून थंड दिसतो. गंजलेला, मळलेला पत्रा जरा खरं सांगतो. गणितात यासाठी दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी कुठल्या ठिपक्यात किती पत्रा आहे हे माहीत असावं लागतं, आणि १०० मीटरच्या ठिपक्यात पत्रा, स्लॅब, गल्ली, एखादा लिंब असं सगळं मिसळलेलं असतं.

तेव्हा तुमची वस्ती बऱ्याचदा मध्यम रंगात येते. ना लाल, ना निळी. शहरातली सगळ्यात तापलेली घरं नकाशात लपून जातात. दुसरं म्हणजे उपग्रहाला छपराची वरची बाजू दिसते. छपराखालच्या माणसाला जी झळ लागते ती पत्र्याच्या खालच्या बाजूची. मध्ये ना माती, ना वीट, ना हवा खेळायला जागा. स्लॅब निदान दुपार उशिरापर्यंत उष्णता अडवून धरतो आणि रात्री सोडतो. पत्रा दुपारीच सगळी आत देतो.

तुम्ही सांगितलेली दुपारी घर रिकामं ठेवायची रीत मला माहीत नव्हती असं नाही, पण एवढ्या सरळ शब्दांत कुठल्या अहवालात वाचलेली नाही. आपल्या शहराच्या उष्माघात आराखड्यात पाणपोया, दुपारी बागा उघड्या ठेवणं, सावलीच्या जागा हे सगळं येतं ते याच रीतीला धरून. अहमदाबादने २०१३ मध्ये असा आराखडा केला, मग तो इतर शहरांत आला. लॉकडाऊनने नेमकं तेच काढून घेतलं.

वाळा:

मी कूलरच्या धंद्यातला माणूस, महालात दुकान आहे. आशाताईंनी लिहिलेल्या खोल्या मी पण पाहिल्या आहेत, जाळ्या बदलायला जातो तेव्हा. २०२० चा आमचा हंगाम गेला. मार्च ते मे हाच आमचा धंदा आणि नेमके तेच महिने दुकान बंद. लोकांनी जुने कूलर काढले, पंप जळालेले, वुडवूल सडलेलं, बदलायला सामान मिळेना. फोनवर सांगत होतो, जाळीला ओलं गोणपाट बांधा म्हणून.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. कूलर कोरड्या हवेवर चालतो आणि त्याला हवा बाहेर जायला वाट लागते. नागपूरची मेची हवा कोरडी, म्हणून तो इथं एवढा चालतो. पण बिनखिडकीच्या खोलीत, सहा माणसं, चूल पेटलेली, कूलर खोलीच्या आतच ठेवलेला, अशा ठिकाणी तासाभरात खोली दमट होते. मग तो नुसता पंखा उरतो आणि घाम वाळत नाही. अशा घराला कूलर विकण्याआधी मी भिंतीत वरच्या अंगाला झरोका काढायला सांगतो. पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर घालणारी घरं अजून आहेत, फरक चांगला पडतो, फक्त आगीची भीती असते म्हणून चुलीचा धूर निघतो त्या बाजूला घालू नये.

बर्डीकर:

आशाताई, तुमचं वाचून मन भरून आलं. वाळा काका, झरोक्याचं पक्कं ध्यानात ठेवीन, आमच्या गोदामात पण तीच गत आहे.

मला सिमेंट रोडबद्दल विचारायचं आहे. अर्धं शहर सिमेंटचं करून टाकलं. लॉकडाऊनमध्ये गाड्या नव्हत्या पण सिमेंट त होतंच. गर्मीचं खरं कारण ते नाही काय?

सेमिनरीहिल:

भाऊ, सिमेंटचा रस्ता डांबरापेक्षा फिक्या रंगाचा असतो. नवं काँक्रीट ३० ते ४० टक्के प्रकाश परत फेकतं, नवं डांबर जेमतेम ५ ते १०. त्यामुळे भर दुपारी नव्या सिमेंटचा पृष्ठभाग डांबरापेक्षा कमी तापतो. पण तो परत फेकलेला प्रकाश चालणाऱ्याच्या अंगावर आणि समोरच्या भिंतीवर येतो, म्हणून चटका जास्त वाटतो. जाड थर दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं नुकसान वेगळं आहे. काँक्रीट बांधताना बुंध्यापर्यंत आणून टेकवतात. पाणी मुरत नाही, मुळांना हवा नाही, दोन-चार वर्षांत कडुनिंब वाळतो. गेलेल्या झाडाची सावली हा कुठल्याही रस्त्याच्या रंगापेक्षा मोठा तोटा आहे.

काळीमाती:

आणि २०२० चा नवतपा विसरले काय सगळे? एप्रिलमध्ये थंड वाटलं असंल, पण मे अखेरीला जी आग लागली होती ती मी विसरणार नाही. माझ्या मावसभावानं त्या दिवसांत जबलपूर रोडनं चालत निघालेल्या मजुरांना ताक वाटलं. पायात स्लिपर, कोणाच्या त्याही नाही, डोक्यावर लेकरू, अन् खाली डांबर.

फुटाळाकाठ:

दादा, तुम्ही बोललात ते या सगळ्या चर्चेतलं सर्वांत भक्कम उत्तर आहे. मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात सोनेगावचा पारा ४७ च्या घरात गेला. लॉकडाऊनचा चौथा टप्पा चालू होता, तो ३१ मे पर्यंत होता. काही सवलती दिल्या होत्या, पण शहर नेहमीसारखं धावत नव्हतं. मग एवढी उष्णता कुठून आली? २० मे ला अम्फान चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याने हवेतली ओल आपल्याकडे ओढून नेली, आणि मागून राजस्थानकडचे कोरडे तप्त वारे मध्य भारतावर आले. त्याच आठवड्यात चुरूचा पारा ५० वर पोचला. हवामानाचा एवढा मोठा फेरा आला की शहरातल्या गाड्या चालू आहेत की बंद, याने त्यात उल्लेखावा असा फरक पडत नाही.

मुळामुठा:

मग लॉकडाऊनमधून उष्णतेबद्दल काहीच शिकता येत नाही, असं समजायचं का?

फुटाळाकाठ:

उलट, फार मोठी गोष्ट शिकता येते. एरवी अशी परीक्षा कोणी घेऊच शकलं नसतं. गाड्या थांबल्या. कारखाने थांबले. एप्रिल २०२० मध्ये देशाची विजेची मागणी आधीच्या वर्षीपेक्षा जवळपास पाव भागाने घटली. शहर बंद करून जेवढी उष्णता कमी करता येते तेवढी सगळी केली गेली, आणि तरीही महालातल्या भिंती रात्री गरम होत्या, आशाताईंची खोली तापत होती, मेमध्ये पारा ४७ ला टेकला. याचा अर्थ शहराची उष्णता मुख्यतः त्याच्या बांधणीत आहे. स्लॅब, पत्रा, बुजवलेली जागा, तुटलेलं झाड, आटलेलं तळं. ते लॉकडाऊनमध्ये बंद होत नाही आणि अनलॉकमध्ये सुरू होत नाही. गाड्या कमी करायच्याच आहेत, श्वासासाठी, फुप्फुसांसाठी. नायट्रोजन डायऑक्साइड त्या दिवसांत देशातल्या मोठ्या शहरांवर घटलेला उपग्रहातून स्वच्छ दिसला. पण रात्रीची झोप हवी असेल तर काम छपरांवर आणि झाडांवर करावं लागेल.

बर्डीकर भाऊ, रस्त्यातल्या हवेबद्दल तुमचं म्हणणं मी तसंच ठेवते. ते मोजायला रस्त्यावरच यंत्र लावावं लागेल.

वस्तीतली_आशा:

ताई, आमच्या दोन गल्ल्यांत या मे महिन्यात पांढरा रंग लावून बघायचा विचार चालू आहे. निम्म्या पत्र्यांना लावायचा, निम्म्यांना नाही. पत्र्यावर चुना चालतो का? आणि मोजायचं कसं? आमच्याकडे तापाच्या बंदुका आहेत.

वाळा:

पत्र्यावर नुसता चुना धरत नाही ताई, वाऱ्यानं सुटतो आणि पहिल्या पावसात धुऊन जातो. स्लॅबला चुना चालतो, त्यात फेविकॉल मिसळा आणि दोन हात मारा. पत्र्याला आधी तारेच्या ब्रशनं गंज काढा, मग पांढरा रंग. गच्चीसाठी ऊन परत फेकणारा म्हणून जो रंग मिळतो, तो पत्र्यावर चालतो का ते डब्यावर वाचून घ्या. रंग मारायला पहाटेची वेळ धरा, तापल्या पत्र्यावर रंग फुगतो. पत्र्यावर चढताना खिळ्यांच्या रांगेवरच पाय ठेवा, खाली लाकूड असते.

फुटाळाकाठ:

तापाची बंदूक चालणार नाही. ती शरीराच्या तापमानापुरतीच बनवलेली असते, त्याच्या वर-खाली गेलं की चूक दाखवते. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक लागेल, एक माझ्याकडे आहे, पाठवते. चकचकीत पत्र्यावर ती थेट रोखू नका, उपग्रहाला होते तीच फसगत तिलाही होते. पत्र्याच्या खालच्या बाजूला काळी इन्सुलेशन टेप नाहीतर रंगाऱ्याची कागदी टेप चिकटवा आणि त्या टेपवर मोजा.

त्याबरोबर खोलीतल्या हवेसाठी साधा भिंतीवरचा थर्मामीटर, चुलीपासून लांब, माणूस खाटेवर झोपतो तेवढ्या उंचीवर. दिवसातून तीनदा बघायचं: दुपारी तीनच्या सुमारास, रात्री झोपायच्या आधी, आणि सूर्य उगवायच्या आधी. रंग लावलेल्या आणि न लावलेल्या घरांच्या नोंदी एकाच वेळी घ्या, आणि त्या घरात खिडकी आहे का, कूलर चालू होता का, माणसं किती होती, हे शेजारी लिहा. रंग लावायच्या आधीच्या आठवड्यापासूनच वही सुरू करा, नाहीतर कुठलं घर मुळातच गरम होतं ते नंतर कळणार नाही. वही भरत आली की इथेच टाका, आकडेमोड मी करून देते.